नकटीचं स्टेरिंग

माया जन्म चांदूर बाजारचा. बाप जिनिंगवर कापसाचे बोंद्रे पाठीवर वाहे, सकाई गेला का दिवस बुडेपर्यंत वाकलेलाच, घरी आला तरी पाठ सरळ होये नाई, अन् म्या लहानपनीच ठरवलं होतं का वझं वाहीन तं बसून वाहीन. बसून म्हंजे मोटारीच्या स्टेरिंगवर. तुमी हे लिहून घेऊन रायल्या ताई, तुमाले हासू येत असन, पन आमच्या मोहल्ल्यातल्या मानसाईनं तवा मोटारी धुतल्या होत्या, चालवल्या नव्हत्या. अमरावतीले एका उस्तादच्या ग्यारेजात लागलो, उस्ताद शिव्या लय दे, पन हातचं काम त्यानं काई लपवलं नाई, लायसन बी त्यानंच काढून देल्लं. छप्पन साली मी अन् मायी बायको कौशल्या, आमी नागपूरले जाऊन दीक्षा घेतली, घरातले देव गाठोड्यात बांधले अन् पेढी नदीत सोडून देल्ले. लोक म्हनतात का तथूनच तुयं बिघडलं. म्हनू द्या.

आता नकटीचं सांगतो. शेंदूरजनाघाटचे अन्नाजी म्हनून संत्र्याचे व्यापारी होते, त्याईनं लढाईतली एक मिलिटरीची ट्रक लिलावात घेतली होती. बिननाकाची गाडी, समोर बॉनेट नाई, इंजिन केबिनच्या आतच, ड्रायव्हरच्या डाव्या मांडीले लागून, वरतून टिनाचं झाकन, म्हनून सारे तिले नकटी म्हनत. बगीच्यात बंद पडून रायली होती, केबिनमंदी कोंबड्या अंडे देत, चाकातून बाभूळ निंघाली होती. अन्नाजी ग्यारेजात आले, म्हने मिस्तरी, हिले उभी करशील काय, म्या म्हटलं सामान भेटलं तं करीन जी, ते म्हने तू उभी कर, स्टेरिंगवर तुलेच बसवतो, जबान देतो. त्या जबानीवर म्या पाच उन्हाळे घातले.

काय सांगू तुमाले, त्या गाडीचं सामान बजारात भेटतच नव्हतं. अकोल्याचा एक कबाडी सोडला नाई, हात घालून घालून बोटाची चामडी गेली. स्टेरिंगचा डब्बा लोखंडाच्या ढिगाखाली सापडला, रेडिएटर एकानं कोंबड्याईच्या खुराड्याले जाळी म्हनून लावला होता. बार्शीटाकळीले चाकाचा एक धुरा पाहाले गेलतो, तो काई कामाचा निंघाला नाई, वापस येऊन रायलो तं शाळेची घंटा वाजली अन् मी रस्त्यातच थांबलो. तो आवाज पितळेचा नव्हता ताई, तो ब्रेकच्या डरमचा होता. आत जाऊन पाह्यलं, निंबाले तारानं टांगलेला, नकटीले लागतो तोच डरम. हेडमास्तर म्हने घंटा कशी देऊ बापा, पोरं घरी कवा जातीन. मंग म्या रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा पैदा केला, डोक्यावर घेऊन गेलो, दोनी वाजवून पाह्यले, रूळ जास्त वाजला तवा त्याईनं डरम सोडला. असं एकएक जमवलं.

एक कारबोरेटर तेवढा भेटला नाई. एका कारचा घेतला, मधात पट्टी घालून बसवला. गाडी उठली, पन उतार लागला का झाकनाखाली पेट्रोल टिपके. थोडंसंच. मले ठाऊक होतं. म्या मनात म्हटलं, चालवनार मीच हाओ, उतारावर झाकन उघडं ठेवीन, वास आला का थांबीन, बिडी पेटवनार नाई, बरोबरचा सापडला का बदलवीन, कोनाले सांगायचं काय काम. हे ध्यानात ठेवा ताई.

पयल्या ट्रिपच्या दिवशी कौशल्यानं शिवलेला खाकी शर्ट घालून गेलो. अन्नाजीच्या घरची मंडळी उभी, झेंडूचा हार, लिंबू-मिरच्या, नारळ. आमच्या धंद्यात रीत हाये, जो चालवनार त्यानंच नारळ फोडायचा अन् रोज सकाई केबिनमंदी अगरबत्ती लावायची. अन्नाजी म्हने, फोड मिस्तरी. म्या म्हटलं, नाई जी, मी हे आता करत नाई, नारळ कोनीबी फोडा, गाडी मी चालवतो. अन्नाजीनं नारळ मांघं घेतला. वाईट मानूस नव्हता तो, आजबी म्हननार नाई. मंग म्हने, असा मानूस घाटात माया माल कोनाच्या भरोशावर नेईल. अन् बाजूले त्याईचा भाचा उभा होता, वसंता, जीप चालवे, त्याच्या हातात चाबी देल्ली. नारळाचं निमित्त नसतं तं दुसरं काई निंघालं असतं काय, का खरंच भेव वाटलं त्याले, मले आजपर्यंत कळलं नाई.

मले असा राग आला का डोळ्यापुढं काई दिसे ना. पाच उन्हाळे बापा. वसंता वर चढला, अगरबत्तीचा पुडा त्यानं झाकनावर ठेवला. जाता जाता म्या खालतून म्हटलं, केबिनमंदी अगरबत्ती लावू नका. एवढंच. काहून लावू नका, ते म्या सांगतलं नाई. अन्नाजी म्हने, तुमी देव सोडले, आता आमालेबी सोडाले लावता काय. तवा तरी बोलायचं ना, का पेट्रोल टिपकते म्हनून. एका शब्दाचं काम होतं. नाई बोललो. म्हटलं, घ्या, तुमचीच गाडी हाये. अन् सायकलवर टांग मारून निंघालो.

तिसऱ्या ट्रिपले मुलताईकडच्या घाटात उतारावर नकटी पेटली. वसंता उडी मारून वाचला, पन त्याच्या आंधी झाकन उघडाले गेल्ता तं दोनी हात कोपरापर्यंत भाजले, बोटं एकमेकाले चिपकली. पुन्हा स्टेरिंग धरलं नाई त्यानं. गावात लोक म्हनत, देव न माननाऱ्याच्या हातची गाडी, जळनारच. अन्नाजी तसं नाई म्हनले. ते ग्यारेजात आले, उभेच रायले, अन् हळूच पुसलं,

मिस्तरी, तुले ठाऊक होतं काय?

म्या म्हटलं, नाई जी.

सात-आठ वर्षं झाली. आताबी दुसऱ्याईच्याच गाड्या उभ्या करतो. उस्ताद गेला, त्याले सांगतलं नाई, कौशल्याले सांगतलं नाई, तुमालेच सांगून रायलो. माया संग अन्याव झाला तो झालाच, तोबी लिहा, त्यातलं काई कमी करू नका. पन वसंतानं मायं काय खाल्लं होतं. वरुडच्या स्टँडवर दिसतो कवाकवा, लेकरू बरोबर असते, तेच त्याले घास भरवते. मले पाह्यलं का वसंता म्हनतो, जयभीम मिस्तरी. त्याच्या लेकराईचं भलं हो. माया बाप दिवस बुडाला का बोंद्र्याचं वझं उतरवून घरी तरी येये.