बंगल्याची वीस पावलं

नाही, पण मी म्हणते, सही करायची एवढी घाई कशाला! चौदा महिने त्या निविदा चालल्या, तीन कंपन्या आल्या, तिघींनी पडद्यावर रंगीत नकाशे नाचवले, आणि घराघराचं मूल्य ठरवणारं ते सॉफ्टवेअर घेतलं एकदाचं नगरपालिकेनं. आता समितीनं 'काम बरोबर झालं' म्हणून सही ठोकली की दुसऱ्या दिवसापासून शहरभर कराच्या नोटिसा! समितीत मी कशी? तर रहिवाशांतली एक बाई हवी हा नियम, आणि ती गप्प बसणारी हवी हा नगरपालिकेच्या साहेबांचा बेत. फसला! तुम्हाला सांगते, मी शाळेचं तोंड पाहिलं नाही. याच कचेरीत तीस वर्षं शिपाईण होते, मोजणीच्या टेपचं दुसरं टोक धरायचे आणि नोंदवह्या बघत बघत वाचायला शिकले. म्हणजे अडाणीच की! मला काय कळतंय?

तर तो कंपनीचा टायवाला म्हणतो, "आजी, कुठलंही घर सांगा, एका क्षणात मूल्य!" आजी म्हणे! मी काय तुझ्या आईची आई? म्हटलं, आमच्या गल्लीतल्या शिंपीणबाईचं काढ. दोन खोल्या. काढलं. आता लाकडाच्या व्यापाऱ्याचा बंगला काढ. काढला... आणि बंगला निघाला शिंपीणबाईच्या दोन खोल्यांपेक्षा लहान! अहो, त्या बंगल्याच्या नुसत्या फाटकातून आमची गल्ली आडवी आत जाईल! टायवाला म्हणतो, "सिस्टीममध्ये जे आहे ते आहे, आजी." साहेब घड्याळ बघत, "बाई, तांत्रिक बाब आहे, सही करून मोकळे होऊ या." म्हटलं, व्हा की मोकळे! बंगल्याचा भार शिंपिणीच्या डोक्यावर टाका, मला काय कळतंय? पण आधी जुनी वही दाखवा.

"वही कशाला, स्कॅन आहे ना!" आणि पडद्यावर पान झळकलं... काळंपांढरं! माझ्या डोक्यात लख्ख उजेड! अहो, आमच्या मोजणीची रीतच होती, घरं टेपनं मोजायची, ते फूट निळ्या शाईत. आणि बंगले? बंगल्यात कुत्री! टेप पसरेपर्यंत पोटरीचा लचका जायचा! म्हणून आमचे मोजणीसाहेब बंगला पावलांनी मोजायचे, ताडताड चालत, चालत कसले, पळत! आणि ती पावलं लाल शाईत लिहायचे, सवडीनं फूट करू म्हणून. ती सवड त्यांना निवृत्तीपर्यंत मिळाली नाही! आणि या शहाण्यांनी सगळं केलं काळं. बंगल्याची वीस पावलं झाली वीस फूट!

"पुरावा काय?" टायवाला. पुरावा? चपला काढल्या, उठले, आणि त्या बैठकीच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताडताड चालले. बारा पावलं. म्हटलं, लावा आता टेप! तीस फूट! एका टोकाला साहेब, दुसऱ्या टोकाला टायवाला, आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा टेपची दोन्ही टोकं दुसऱ्यांनी धरली आणि आकडा मी वाचला! मग तळघरातून वही आली, धूळ झटकली, तर बंगल्यांचे आकडे लालभडक! टायवाल्यानं टाय सैल केला. साहेब म्हणतात, "मग आता... बाई?" म्हटलं, आता शहरातलं एकूण एक घर पुन्हा मोजा, कोपरा न् कोपरा, कुणाचीही गय नाही, तोवर सही नाही! माझ्या तोंडचा ठराव, शब्द न् शब्द लिहून घेतला हो! शिंपीणबाईनं तर भर गल्लीत मला मिठी मारली. आणि मी तिला काय म्हटलं? अगं, मला काय कळतंय!

काल नोटिसा आल्या. बंगल्याचं मूल्य सहापट! लांबी अडीचपट, रुंदीही अडीचपट, मग होणारच की! शिंपीणबाईचं होतं तेवढंच! आणि पाठोपाठ माझी... मागच्या दारी छप्पर घालून काढलेली खोली, जी इतकी वर्षं ना निळ्या शाईत होती ना लाल, तीसुद्धा धरलेली! म्हटलं, थांबा, मला मोजणी शिकवता? टेप काढली, शेजारणीला दुसरं टोक दिलं, आणि सकाळपासून दुपारपर्यंत मोजलं, एक तरी चूक सापडावी म्हणून. बोटभर सापडेल तर शपथ! आता मला सांगा, इतकं चोख काम करायला कुणी सांगितलं होतं यांना?

...मीच!