मध्यंतरानंतरचा सिनेमा

लेक : आई, टीव्हीकडे पाठ फिरवून काय बसलीस? संपला सिनेमा.

आई : दिसतंय मला. डोळे अजून शाबूत आहेत.

लेक : मग बोल काहीतरी. तुझा आवडता सिनेमा. चाळीस वेळा बघितलेला.

आई : काय बोलू? थोरल्यानं भलताच आणलाय. लहानपणी त्याला दूध आणायला पाठवलं तर दही घेऊन यायचा. अजून तेच.

लेक : दादाच्या नावानं खडे फोडू नकोस. तीन वर्षं शोधत होता तो. सिनेमा तोच आहे. तीच बाई, तेच शिलाई मशीन, तोच रेल्वेचा फलाट. तिच्या बाहीचं बटण तुटलेलं असतं असं तू सांगायचीस ना? तेसुद्धा तुटलेलं होतं. मध्यंतरापर्यंत सगळं तुझ्या शब्दाबरहुकूम. आणि पुढे सगळं उलटं!

आई : उलटं म्हणजे किती उलटं?

लेक : पाठ फिरवली होतीस म्हणून सांगते. ती गाडीत चढतच नाही. गाडी सुटते, ती बाकावर बसून रडते. नवरा येतो, तिच्या मुस्काटात देतो. ती घरी जाते, सासूची माफी मागते, मशीन विकते. झाला सिनेमा. ती शहरात जाऊन दुकान काढते, ते कुठं गेलं? तिच्या हाताखालच्या बारा बायका कुठं गेल्या?

आई : कापला असेल. जुने सिनेमे कापतात.

लेक : कापतात, आई. नवे तुकडे शिवून जोडत नाहीत.

आई : बघ गं बॅटरीवाली, कशी बोलते आईला! तू का तोंडात बिस्कीट धरून मुकी बसलीस? सांग हिला. एका थिएटरात अकरा वर्षं काढली आपण. तू अंधारात बॅटरी मारून लोकांना खुर्च्या दाखवायचीस, मी चहा विकायचे. सांग, किती खेळ झाले होते या सिनेमाचे?

बॅटरीवाली : मला मध्ये ओढू नकोस बाई. माझी बॅटरी कधीच विझली.

आई : विचारलं तेवढं सांग.

बॅटरीवाली : चाळीस झाले. जास्तच, पण कमी नाही.

आई : ऐकलंस?

लेक : ऐकलं. मावशी, आता मी विचारते. आई चाळीस वेळा या सिनेमाला बसली होती का?

बॅटरीवाली : बसली होती की.

लेक : शेवटपर्यंत?

बॅटरीवाली : बिस्किटं छान आहेत गं. कुठून आणलीस?

लेक : मावशी!

आई : तिला कशाला पिळतेस? मीच सांगते. मध्यंतरापर्यंत बसायचे. मध्यंतराला दिवे लागले की अडीचशे माणसं एकदम माझ्या टेबलावर तुटून पडायची. सगळ्यांना चहा हवा, तोही दहा मिनिटांत, तोही उकळता. परत आत जाताना पेले कुठंही टाकायचे. जिन्यात, खिडकीत, एकदा तर मुतारीत सापडला. ते गोळा करून मागच्या मोरीत बसायचं आणि पुढच्या खेळाच्या आत सगळे घासून काढायचे. मालक पेल्याला नाक लावून बघायचा. मला कोण बसवतंय शेवटपर्यंत?

लेक : म्हणजे उरलेला अर्धा सिनेमा तू पाहिलाच नाहीस.

आई : पाहिला नाही. ऐकला.

लेक : ऐकला?

आई : मोरी आणि पडदा यांच्यामध्ये एक भिंत होती. वीतभर जाडीची. पलीकडचं सगळं ऐकू यायचं. बोलणं कळायचं नाही, आवाज कळायचे. आधी गाडीची शिट्टी, मग गाडी धडधडत निघायची. ती तिकडं फलाटावर मशीन घेऊन उभी, मी स्वतः बघून आलेली. गाडी निघाली म्हणजे ती चढली. दुसरं काय समजायचं माणसानं?

लेक : गाडी तिला टाकून निघाली.

आई : ते भिंतीला काय माहीत?

लेक : आणि मुस्काटात मारल्याचा आवाज?

आई : तो यायचा. खणखणीत. मला वाटलं, तिनं दिली दिराला. तो दीर होताच तसल्या लायकीचा.

बॅटरीवाली : लायकीचा होता खरा. बाल्कनीतले लोक त्याला शिव्या घालायचे.

लेक : मग तुझ्या बारा बायका?

आई : थोड्या वेळानं मशीनचा खडखडाट यायचा. मग पुष्कळ बायका मिळून गाणं म्हणायच्या. मशीन आणि एवढ्या बायका एका जागी म्हटल्यावर काय असणार? दुकानच ना? बारा मी मोजल्या नाहीत. बारा मला बरं वाटलं.

लेक : तो खडखडाट मशीनचा नव्हता. मशीन विकून हातगाडीवरून नेतात, त्या गाडीच्या चाकांचा होता. आणि बायका तिच्या मुलाच्या पाळण्याशी गात होत्या.

आई : असतील. शेवटी टाळ्या पडायच्या. थिएटर दणाणायचं. हरलेल्या बाईला कोण टाळ्या वाजवतं, मला सांग!

बॅटरीवाली : तेव्हा वाजवायचे गं. शेवटी तिनं पाळण्याची दोरी हातात घेतली रे घेतली, की टाळ्या.

आई : मग तेव्हाच्या लोकांना अक्कल नव्हती.

लेक : आई, तुला मजा वाटते. मला नाही वाटत.

आई : मला कुठं वाटतेय?

लेक : आज अठरा माणसं बोलावली मी. माझ्या शिवणाच्या दुकानातल्या सगळ्या बायका, शिवाय शेजारी. त्यांना कामावर ठेवताना मी हीच गोष्ट सांगते. माझ्या आईचा आवडता सिनेमा, त्यात एक बाई मशीन उचलते आणि गाडीत चढते. आज त्यांनी काय बघितलं? काजं करणारी अर्ध्यातून उठली. दारात मला म्हणाली, "ताई, उद्या कामावर येईन, पण हे पुन्हा लावू नका." खालचा कुलूपवाला, ज्याला मी कधी हसताना पाहिलं नाही, तो हुंदके देत होता.

आई : तो? तो तर भाडं मागायला आलेल्यावर कुत्रं सोडतो.

लेक : तोच. आणि दातांचे डॉक्टर म्हणाले, "वा, संस्कारी सिनेमा!"

आई : त्याच्याकडं आता दात दाखवायला जायचं नाही. दुखू दे.

लेक : पण सगळ्यांवर कडी केली माझ्या नणंदेनं. मी घर सोडलं तेव्हा दोन वर्षं बोलली नाही ती माझ्याशी. आज गाडी आली तशी खुर्चीवरून उठून ओरडली, "अगं चढ ना! उभी काय राहिलीस?"

बॅटरीवाली : ओरडली बाई. माझ्या मांडीवर पाणी सांडलं.

आई : तिला शहाणपण आलं, पण बस चुकल्यावर.

लेक : तिनं मला जाताना मिठी मारली, आई. मी पण चढले होते गाडीत, ते याच सिनेमाच्या भरवशावर. आठवतं ना? चोवीस वर्षांची होते. सासरी मशीनला हात लावू देत नव्हते. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून तुला फोन केला. म्हटलं, आई, फलाटावरच्या त्या बाईचं पुढे काय होतं, परत एकदा सांग.

आई : आठवतं.

लेक : तू म्हणालीस, चढते. नीट चढते, आणि खिडकीपाशी जागा मिळते. दुसऱ्या दिवशी मी मशीनचं डोकं पिशवीत घातलं आणि निघाले. कशाच्या जोरावर? तर तू पेले घासताना ऐकलेल्या आवाजांच्या!

आई : मी खोटं बोलले नाही. जे ऐकलं ते सांगितलं.

बॅटरीवाली : अगं, पण फोन आला त्या दिवशी तू माझ्याकडं...

आई : बिस्कीट खा.

लेक : थांब मावशी. त्या दिवशी काय?

बॅटरीवाली : काही नाही.

लेक : काय, मावशी?

बॅटरीवाली : आता सुटलंच तोंडातून. तुझा फोन दोनदा आला होता ना?

लेक : हो. पहिल्या वेळी आई म्हणाली, दूध उतू जातंय, तासाभरानं कर.

बॅटरीवाली : दूधबीध काही नव्हतं. धावत माझ्या घरी आली. एका पायात चप्पल होती, एकात नव्हती. मला म्हणाली, "तू मागच्या स्टुलावर बसून सगळे खेळ पाहिलेस. खरं सांग, ती बाई चढते का?" मी कधी बोलले नव्हते तिला. ती इतकी रंगवून सांगायची, कशाला मोडता घाला? पण त्या दिवशी सांगितलं. म्हटलं, नाही गं. परत जाते.

लेक : म्हणजे तुला माहीत होतं.

आई : होतं.

लेक : तासाभरानं मी फोन केला तेव्हा माहीत होतं.

आई : होतं म्हटलं ना. कितीदा वदवून घेशील?

लेक : तरी म्हणालीस, चढते.

आई : तरी म्हणाले. आणि खिडकीची जागा त्याच दिवशी घातली. आधीच्या गोष्टीत ती नव्हती.

लेक : का, आई?

आई : का म्हणजे? ज्यानं तो सिनेमा काढला, त्याला तू माहीत होतीस का? मला माहीत होतीस. आठ वर्षांची असताना बाहुलीच्या कपड्याला खिसा शिवणारी पोर तू. तुझ्या हातातलं मशीन काढून घेतात आणि मी म्हणू, जा, माफी माग? दुसऱ्याच्या सिनेमासाठी?

लेक : "ये निघून" असं सरळ म्हणायचंस.

आई : म्हटलं असतं तर ऐकलं असतंस? माझं कधी ऐकलंस तू? मी म्हटलं स्वेटर घाल, तर काढून ठेवायचीस. सिनेमातली बाई मात्र तुला देवासारखी. मग तिच्या तोंडून सांगितलं.

बॅटरीवाली : हे मात्र खरं. तुम्ही दोघी एका जातीच्या हट्टी.

लेक : आणि नंतर? सत्तावीस वर्षं झाली, आई. एकदा तरी सांगायचंस.

आई : तोंड नव्हतं. तू जिला तिला सांगत सुटलीस, माझ्या आईचा सिनेमा, माझ्या आईचा सिनेमा. मग दादा शोधायला लागला. मला वाटलं, नाही सापडायचा. सापडला तेव्हा वाटलं, वीज जाईल. ती मेली एरवी रोज जाते.

लेक : म्हणजे मघाशी दोनदा टीव्ही बंद पडला, ते जमिनीवरच्या बोर्डाचं बटण...

आई : पायानं दाबलं. तिसऱ्यांदा दाबणार होते, पण तुझ्या नणंदेनं तिथंच पाय ठेवला.

लेक : आई, आई...

आई : हसतेस का रडतेस? एक काय ते कर. चल, एवढंच सांग आणि मला मोकळी कर. चुकलं का माझं? तू चढायला नको होतंस, असं वाटतं का तुला?

बॅटरीवाली : पोरी, सांग तिला. दोन दिवस जेवली नाही ती या सिनेमाच्या धास्तीनं.

लेक : मावशी, तुझ्या मुलींना तू कुठला शेवट सांगितलास?

बॅटरीवाली : मी? हिचाच. खरा सांगून काय करू? खऱ्यात माझ्या पोरी बसतच नव्हत्या.

लेक : आणि ह्यांना मी सांगितला होता. लग्न झालं त्याच महिन्यात. म्हणून तर मी निघून आल्यावर आठव्या दिवशी मशीनचं टेबल खांद्यावर घेऊन आले. दारात उभे राहून म्हणाले, "तुझ्या आईच्या सिनेमात नवरा पुढच्या गाडीनं येतो ना? माझी जरा चुकली."

आई : नवरा मी नंतर घातला. तुझं लग्न ठरलं तेव्हा.

लेक : तोही भिंतीपलीकडून ऐकलास?

आई : नाही. तो माझ्या पदरचा. पण आला ना?

बॅटरीवाली : जिन्यावर पावलं वाजली बघ. तेच आले वाटतं.

लेक : हेच. मध्यंतराला शाळेचे गणवेश पोचवायला गेले होते. ह्यांनी पुढचं काहीच बघितलं नाही.

आई : काहीच?

लेक : फलाटापर्यंतच.

जावई : (दारातून, रिकाम्या पिशव्या झटकत) संपला वाटतं! आई, तुमचा सिनेमा पळत येऊनही चुकला बघा. अगं, मग? चढली ना ती गाडीत?

बॅटरीवाली : मी तर बाई बिस्कीट खाते.

जावई : आई, तुम्हीच सांगा. तुमच्याइतकं छान कुणी सांगत नाही.

आई : नको. आज ही सांगेल. हिच्या घरचा सिनेमा आहे.

लेक : सांगते. बसा तुम्ही. आई, तू कुठं निघालीस?

आई : अठरा माणसांचे पेले पडलेत, ते विसळते. तू सांग. मला भिंतीपलीकडून नीट ऐकू येतं.