हेरंबरावांनी कॉम्प्युटरला पाणी पाजलं त्याची गोष्ट

हं, टाळ जरा विसावू द्या! नाम घेऊन जीव गार झाला, आता गोष्ट. आणि गोष्टीआधी एक प्रश्न. मंडळी, आपल्या कामात खोट काढणारा माणूस आपला कोण? सखा, की वैरी? — थांबा, पटकन बोलू नका! शेजारी कोण बसलंय ते आधी बघून घ्या!

ऐका तर. कऱ्हाडला हेरंबराव पेठकर नावाचे एक गृहस्थ. छंद काय, तर कॉम्प्युटर तयार आणायचा नाही — सुटे भाग आणून घरीच जोडायचा. पत्नी तनुजाबाई, कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिक्षिका. त्यांनी मुलांसाठी हलत्या चित्रांचा एक सिनेमा करायला घेतला होता. त्यातला ससा तोंडानं बोलतच नाही — हातांनी बोलतो! खुणांच्या भाषेत! अहो, त्या लेकरांनी आजवर पाहिलेली कार्टून कसली? सगळे नुसते ओठ हलवणारे! काय कळावं पोरांना?

पण झालं काय — ससा दोन उड्या मारतो न मारतो, तोच कॉम्प्युटर तापून बंद! आणि शाळेचं स्नेहसंमेलन तर तोंडावर आलेलं. तनुजाबाई रडकुंडीला आल्या. हेरंबराव म्हणाले, "तनू, पंख्यानं भागायचं नाही. याला आता पाण्यानं गार करू!"

विजेच्या यंत्रात पाणी! — बघा, पेटीवाले दचकले! बुवा, पाणी आत ओतायचं नसतं हो, नळीतून फिरवायचं असतं. एक छोटी टाकी, तिच्याखाली पंप. पंप पाणी ढकलतो, ते तापलेल्या प्रोसेसरवरच्या धातूच्या ठोकळ्यातून जातं, उष्णता उचलतं, रेडिएटरमध्ये गार होतं आणि पुन्हा टाकीत. तुमच्या मोटारीत असतं तसंच!

हेरंबरावांनी भिंतीवर हा मोठा आराखडा चिकटवला. लाल रेघ गरम पाण्याची, निळी गार पाण्याची. छाती अशी फुगली! आणि नेमक्या तेव्हाच — गुडघ्याच्या ऑपरेशननंतर लेकीकडे राहायला आल्या सासूबाई. प्रमिलाबाई! काठी टेकत आल्या, आराखड्यासमोर उभ्या राहिल्या.

"जावईबापू, पाण्यात थोडा वाळा टाकायचा का? वास छान येईल."

"नाही हो आई!"

"बरं. नळी काळी का? जांभळी शोभली असती. आणि हे पाणी बदलायचं झालं, तर काढायचं कुठून?"

हेरंबरावांनी आराखड्यावरून बोट फिरवलं. पाणी काढायची तोटी आराखड्यात नव्हतीच! पण कबूल करतील तर जावई कसले? म्हणाले, "ते बघू नंतर." आणि आत जाऊन बायकोला, "तुझ्या आईला माझं काहीच बरं दिसत नाही. लग्नात माझा फेटासुद्धा वाकडा दिसला होता त्यांना!" तनुजाबाई म्हणाल्या, "अहो, तो वाकडाच होता."

रविवारी सकाळी सगळं जोडून झालं. पाणी भरलं. हेरंबरावांचा हात बटणाकडे गेला, तोच मागून आवाज — "थांबा! आधी नुसता पंपच चालवता येत नाही का? बाकीची वीज बंद ठेवून?" आणि बाई काठी बाजूला ठेवून, दुखऱ्या गुडघ्यानिशी खाली बसून, प्रत्येक जोडाखाली कोरड्या कागदाचे तुकडे सरकवायला लागल्या!

हेरंबरावांचा पारा चढला. "आई, माझ्यावर विश्वास नाही तुमचा?"

"तुमच्यावर आहे हो. त्या जोडातल्या रबराच्या चकतीवर का ठेवू?"

"ठीक आहे! बघाच आता!" — रागानं, मंडळी, निव्वळ रागानं त्यांनी नुसता पंप सुरू केला. पाणी गुळगुळ करत फिरलं. सगळे बघतायत. चहा झाला. कागद कोरडे. हेरंबराव विजयानं हसले... आणि प्रोसेसरजवळच्या कागदावर एक डाग उमटला. वाढला. टप्! आणखी एक थेंब!

आणि खाली काय होतं ठाऊक आहे? बोटभर डिस्क! सगळा ससा तिच्यात! दुसरी प्रत कुठेच नव्हती. वीज चालू असती तर?

हेरंबरावांनी पंप बंद केला. तनुजाबाईंनी तोंडाला पदर लावलेला. सासूबाई काय म्हणाल्या असतील? "मी सांगितलं नव्हतं?" — छे! त्या म्हणाल्या, "डिस्क काढा आधी. पुसून उन्हात... नको, पंख्याखाली ठेवा."

मग पाणी काढायचं — आणि तोटी नाही! शेवटी कॉम्प्युटर उचलून न्हाणीघरात नेला. जावई एका बाजूला, लेक दुसऱ्या बाजूला, तान्ह्या मुलाला पालथं धरावं तसा धरलाय, आणि सासूबाई स्टुलावर बसून बादली पुढं करतायत! "डावीकडे! अहो, तुमचं डावं नव्हे, माझं डावं!" तिघंही असे हसले, असे हसले, की निम्मं पाणी अंगावर!

हेरंबरावांनी आराखडा उतरवला, नवा कागद लावला आणि म्हणाले, "आई, बसा इथं. विचारा काय विचारायचं ते." तोटी आली. वाकडी बसलेली चकती बदलली. या खेपेला कागद कोरडेच राहिले, वाळलेली डिस्कही सुखरूप निघाली, आणि सिनेमा पुरा झाला.

स्नेहसंमेलनात पडद्यावर ससा आला आणि हातांनी म्हणाला, "मला भूक लागली!" सभागृहातली सगळी मुलं एकदम उठून उभी राहिली. टाळ्या नाहीत हो! ती मुलं दोन्ही हात वर करून हलवतात, तीच त्यांची टाळी. हातांचं रान डोललं नुसतं! प्रमिलाबाई आधी टाळ्या वाजवत होत्या. आजूबाजूला बघितलं, थांबल्या, आणि दोन्ही हात वर केले. हेरंबरावांना पुढचा सिनेमा दिसलाच नाही, डोळे भरलेले!

तर मंडळी, वैरी कोण आणि सखा कोण? खोट दोघांनाही दिसते. वैरी ती दाखवतो आणि गंमत बघत उभा राहतो. आपला माणूस ती दाखवतो आणि दुखऱ्या गुडघ्यानं आपल्या शेजारी खाली बसतो.

आता सांगा, तुमच्या घरात असं कोण आहे, ज्याचं तोंड तुम्ही "गप्प बस" म्हणून बंद केलंय? काय हो खांबाआडचे, मान का खाली गेली? आज घरी जा आणि त्या माणसाला विचारा — माझं काय चुकतंय? आणि विचारलंत, तर उत्तर ऐकायला थांबा बरं! चपला घालून पळू नका! — हं, उचला टाळ!