मागचं दार

(शाळेतल्या समुपदेशनाच्या खोलीबाहेरचा बाक. शेजारच्या सभागृहात पालकसभेसाठी खुर्च्या मांडल्या जात आहेत. इस्त्रीवाली आता या खोलीची मदतनीस आहे; मागच्या दाराची किल्ली तिच्याकडे असते.)

औषधवाली : अहो ताई, मागचं दार उघडलंत तर काय बिघडणार आहे? लेकरू गाडीत बसलंय. पुढून आणलं तर सगळे पालक बघतील.

इस्त्रीवाली : ताई? माझी मुलगी या शाळेत होती तेव्हा ‘ए इस्त्रीवाली’ म्हणायचात.

औषधवाली : आता ते कशाला उकरून काढता?

इस्त्रीवाली : काय झालंय पोराला?

औषधवाली : जेवत नाही, कुणाशी बोलत नाही. अंथरुणातून उठत नाही. आज हातापाया पडून आणलाय. कुणाला कळलं तर पोरं त्याला जगू देणार नाहीत हो.

इस्त्रीवाली : माहितीये. माझ्या पोरीला नाहीच दिलं.

औषधवाली : त्यात माझा काय संबंध?

इस्त्रीवाली : तिच्या गोळ्या मी तुमच्याच दुकानातून न्यायचे. दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. आणि वर्गातली पोरं गोळीचं नाव घेऊन तिला चिडवायला लागली.

औषधवाली : काउंटरवर बोलता बोलता निघून गेलं असेल तोंडातून.

इस्त्रीवाली : असेल? आणि मी तक्रार केली, तेव्हा भर सभेत माईकवर काय म्हणालात? ‘हिची आईच गावभर सांगत फिरते.’ पोर माझ्या शेजारी बसली होती.

औषधवाली : मी घाबरले होते. दुकान बसलं असतं.

इस्त्रीवाली : आता मी माईक घेते. तुमचा मुलगा गाडीत का बसलाय ते सांगते सगळ्यांना.

समुपदेशक : (खोलीतून बाहेर येत) नाही सांगणार तुम्ही.

इस्त्रीवाली : मॅडम, तुम्ही मध्ये पडू नका.

समुपदेशक : मुलगा माझ्याकडे आलाय, म्हणून पडतेय. या दाराशी ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही, असा शब्द दिलाय तुम्ही. आणि तुमच्या मुलीच्या बाबतीत हेच झालं, तेव्हा इथे बसून रडलात ते मी पाहिलंय.

इस्त्रीवाली : रडून काय झालं? ही पालकसंघाची अध्यक्षा झाली!

समुपदेशक : भांडण हिच्याशी आहे ना? मग हिच्याशीच भांडा. त्यात मी तुम्हाला अडवणार नाही.

इस्त्रीवाली : ...ही घ्या किल्ली. आणा पोराला मागून.

औषधवाली : देव तुमचं भलं करो.

इस्त्रीवाली : देवाला राहू द्या. पोराचं काम झालं, आता तुमचं. सभेत उभं राहायचं आणि सांगायचं. ‘गोळ्यांचं मी फोडलं, आणि तिच्या आईवर ढकललं.’

औषधवाली : माझ्या दुकानात पाऊल टाकेल का कोणी मग?

इस्त्रीवाली : नकोच टाकायला.

औषधवाली : आणि नाही बोलले तर?

इस्त्रीवाली : तुमच्या पोराबद्दल माझ्या तोंडून अवाक्षर निघणार नाही. पण तुम्ही प्रत्येक सभेत बसाल, आणि मी समोरच्या खुर्चीवर बसून तुमच्याकडे बघत राहीन. तुमचं पोर बरं होऊन हसायला लागलं, तरी बघत राहीन.

औषधवाली : बोलले तर माफ कराल?

इस्त्रीवाली : नाही.

औषधवाली : मग कशासाठी बोलू मी? मला लोळवायला?

इस्त्रीवाली : हो, त्यासाठीही. तुम्ही खाली मान घातलेली मला बघायचीये. खोटं कशाला बोलू? पण माझी पोर मामाकडे राहते. माझं नाव निघालं की उठून आत जाते. तिला अजून वाटतं, मीच सांगितलं.

समुपदेशक : ती येणार आहे आज?

इस्त्रीवाली : नाही. मामाला फोन लावून ठेवणार आहे. तो तिच्या खोलीच्या दाराशी धरेल.

औषधवाली : ती ऐकेल?

इस्त्रीवाली : कुणास ठाऊक. तुम्ही मोठ्याने बोला.