फ्लोराच्या दिव्यावरचं इंजिन

— बस गो सुरैय्या, उभी का? आणि आल्याआल्या 'काका, एक सांगायचं हाय' म्हणून ओढणी चुरगळत बसू नको. सांगशील, सांगशील, घाई काय? तामारचा फोन आला असंल तुला — व्हय ना? बघ, तोंडच सांगतंय. माझी पोरगी तिकडं इस्रायलमध्ये बसून इथं रोह्यात शेजारणीला कामाला लावते — बाबांना समजाव, बाबा काय एकटे राहायच्या लायकीचे उरले नाय, मी रविवारी येते आणि घेऊनच जाते. जसा काय मी फणसाची करंडी! चूक माझीच. मीच तिला फोनवर बोलून गेलो की तुझी आई घरात हाय, तिला टाकून मी येणार नाय. पोरगी रडायलाच लागली. वर्ष होत आलं आईला जाऊन, आणि बाप असं बोलतो म्हटल्यावर रडणार नाय तर काय करणार?

पण खोटं नाय गो ते. हे बघ — इकडं टेबलाकडं बघ, माझ्याकडं नको. तुला ठाऊक हाय सगळं, तुझ्याच घरातला डबा हाय हा, तुझ्या सईदनं कुवेतहून आणलेला दुधाच्या पावडरचा. आत तुमच्या भांडी घासायच्या तारेची गुंडाळी, वर फुग्याचं रबर, सायकलच्या तारेचा दांडा आणि चाक म्हणून जुनी सीडी. हसली होतीस तू तेव्हा. मी पण हसलो असतो — जन्म दुकानात तेल मोजण्यात गेला, स्क्रू कुठल्या अंगाला पिळायचा ते या वयात शिकलो. पण मोबाइलवर बघितलं ना, एक माणूस चहाच्या कपावर असलंच चाक फिरवत होता — वाफ नाय, पेट्रोल नाय, लाईट नाय, नुसती हवा! डब्याचं बूड गरम, डोकं थंड, त्यासाठी वर गार पाण्याची वाटी. आतली हवा खाली तापून फुगते, वर जाऊन आकसते, तेवढ्यावर चाक फिरतं. आणि माझ्या मनात आलं, शुक्रवारी तामारच्या आईचा, फ्लोराचा दिवा तर लागतोच की.

तुला काय सांगू शनवारचं. आम्हा ज्यूंचा शनवार म्हणजे काय पेटवायचं नाय, काय विझवायचं नाय, काय चालू करायचं नाय — आजवर मी मोडला नाय, तूच येऊन गॅस लावतेस, माहीत हाय तुला. फ्लोरा होती तोवर त्यात काय वाटायचं नाय, ती बोलायचीच एवढी. ती गेली आणि घर मुकं झालं गो. दिवा जळतोय, मी बसलोय, आणि घरात हलणारं म्हणून काय नाय. आता शुक्रवारी ऊन उतरायच्या आधी दिव्यावर हा डबा ठेवला, चाकाला एक धक्का दिला, की शनवारी मी हात न लावता घरात कायतरी टकटकत राहील! तेवढ्यासाठी केलं हे सगळं. दुसरं काय नाय.

आणि पहिल्यांदा चाललं नाय, आठवतं? का? तर आमची तेल्याची खोड! आजा घाणा चालवायचा, शनवारी बंद ठेवायचा म्हणून गाव शनवार तेलीच म्हणायचं. कुठं काय अडलं की आम्ही तेल घालणार. दार करकरलं, खोबरेल. कान दुखला, खोबरेल. ह्याच्या दांड्याला पण घातलं — आणि बसलं की रुसून! फ्लोरा असती तर म्हणाली असती, आता तळूनच काढा त्याला. मग कळलं की एवढ्याशा हवेच्या जिवाला तेल जड होतं, चिकटतं, ह्याला कोरडं लागतं. तेव्हा तुझ्या उजमाच्या पेन्सिली मागून आणल्या, शिसं खरवडलं आणि चोळलं सगळीकडं, चाकाला सुद्धा. आणि मग काय फिरलं! तू टाळ्या वाजवल्यास.

पण दोन खोड्या हायत त्याच्या, त्याही तुला मीच सांगितल्या. एक, वरचं वाटीतलं पाणी कोमट झालं की थांबतं, गरम-थंड सारखं झाल्यावर हवेनं धावायचं कशाला? आणि दुसरी, एकदा थांबलं की आपणहून उठत नाय. बोटानं धक्का द्यावाच लागतो. बोट लागल्याशिवाय हे जन्मात फिरणार नाय.

मग शनवारी सकाळी थांबलेलं बघून मी मशिदीत जातो — आमच्या गो, सिनेगॉगला, तुमच्या नाय. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते कुठले मिळायला, मी आणि झाडायला येणारा काळुराम. परत येतो तर चाक फिरतंय! वाटीत माठातलं थंडगार पाणी! आता सांग, मी काय समजायचं? मी दारातच उभा राहून म्हटलं, फ्लोरा, अगं पाय पुसून तरी यायचंस. मोठ्यानं म्हटलं. भीती नाय वाटली, बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की जेवलो पोटभर. मग दर शनवारी तसंच.

नाय, थांब. बोलू नको. तुला काय सांगायचंय ते मला ठाऊक हाय. तुझ्या ओढणीचं टोक मी कधीच बघितलंय — त्याला करडा डाग पडला होता, पेन्सिलीच्या शिशाचा. गॅस लावायला यायचीस, थांबलेलं बघून तुला वाईट वाटायचं, पाणी बदलायचीस, बोट लावायचीस. रडतेस कशाला? मी रागावलो का? म्हातारा एवढा भोळा नाय गो, ठाऊक असून मी बोललो नाय, एवढंच. आता तामारनं सांगितलं असंल, खरं काय ते सांगा म्हणजे बाबा येतील. बरोबर हाय तिचं. तू सांगितलं असतंस, तर मी बॅग भरलीच असती.

पण गेल्या शनवारी तू कुठं होतीस? डोलवीला, तुझ्या बतूलच्या बाळाच्या अकीक्याला, जावळं काढायला. वडखळच्या नाक्यावर गाडी अडकली म्हणून रात्री परत आलीस, तुझ्या दाराला कुलूप मी बघितलंय. आणि चाक फिरत होतं सुरैय्या. वाटीत थंड पाणी होतं.

घाबरू नको. फ्लोरा नाय ती. मी पण आधी तेच समजलो, देवाचे आभार मानले. मग दिवस मावळल्यावर तोंड धुवायला गेलो आणि — हा अंगठा बघ. हा. करडा होता. शुक्रवारी चाक सुरू केल्यावर मी आंघोळ करतो, नखं सुद्धा घासतो, कोरा हात घेऊन शनवारात जातो मी. त्या दिवशी मला वाटलं, मी मशिदीतूनच आलो. सोमवारी काळुराम म्हणतो, काका, शनवारी आलात नाय, बरं नव्हतं का? आता मी काय सांगू त्याला? मला तर वाट आठवते, उंबरा आठवतो. बोट लावलेलं आठवत नाय. शनवार मोडलेला आठवत नाय. मला भीती वाटते गो.

तामारला सांगू नको. काका बरे हायत म्हण. आणि तू एक कर, शनवारी लवकर येत जा, मी उठायच्या आत. पाणी बदल, धक्का दे आणि जा, मला काय बोलू नको. म्हणजे माझ्यातल्या दुसऱ्या कोणाला उठायला नको. मी पण शुक्रवारी चाक नीट पुसून ठेवीन. कोणाच्याच बोटाला काय लागायला नको.

जा गो आता. दार ओढून घे.