सुधाकरने जोडलेली शिरोरेषा

पोलादपूरहून, वरच्या वाड्यांवरून, मुंबईहून तुम्ही सगळे भर पावसात आलात. नमस्कार. मला किती बोलता येईल, ठाऊक नाही.

गेल्या आठवड्यात कशेडी घाटात दरड खाली आली आणि आपला सुधाकर गेला. मघाशी त्याच्या आईने माझा हात धरला. म्हणाली, "माज्या सुधाकरानं तिकडं काय केलंन, ते सांग गो. आमाला कुनी नीट सांगलंच नाय."

आई, सांगते. पण मला त्याचा हेवा वाटायचा. तो हेवा वगळून मला त्याच्याबद्दल बोलता येत नाही.

मुंबईच्या कारखान्यात मी त्याला सीनियर. कॉम्प्युटरच्या पडद्यावर मराठी अक्षरं उमटवणारं, चिपा आणि तारांचं सर्किट बोर्ड बनवायचं काम माझ्याकडे होतं. मी महाडची, तो पोलादपूरचा, म्हणून मीच त्याला हाताखाली मागून घेतलं. हो, मीच.

माझं बोर्ड चाललं. पण दोन अक्षरांमध्ये बारीक फट राहायची. इंग्रजीला ती लागते. आपली शिरोरेषा तुटायची. 'सावित्री' लिहिलं की आपल्या नदीचे तुकडे. मी चिपा बदलल्या, तारांचं जाळं उसवलं, पुन्हा कथलाचे डाग देऊन जोडलं. पावसाळा गेला. फट जाईना.

सुधाकर म्हणाला, "ताई, कोऱ्या चिपा मागवू या? आतली जोडणी आपणच लिहायची."

"आणि चुकली तर?"

"तर ती चिप फेकायची, दुसरी घ्यायची. तारा सोडवत बसायला नको."

पहिली चिप वाया गेली. मला बरं वाटलं. पुढची वाया गेली. तेव्हाही बरं वाटलं. मग एका दुपारी त्याने हाक मारली. पडद्यावर 'सावित्री', आणि वर एक सलग रेष. माझ्या अर्ध्या बोर्डाचं काम त्या एका चिपेत मावलं होतं. साहेब आले, सगळे जमले. मी पडद्याकडे पाहत राहिले. इतकं सुंदर होतं ते. आणि माझं नव्हतं.

तो सगळ्यांना म्हणाला, "बोर्ड ताईंचंच आहे." त्याचाही मला राग आला. जिंकायचं त्यानेच, आणि मोठेपणाही त्यालाच?

पुढे मी महाडला कॉलेजात शिकवायला आले. तो सुट्टीत यायचा, वर्गात डोकावायचा, की माझी मुलं माझ्याकडे पाठ करून त्याच्याभोवती. मग मीही प्रयोगशाळेत बसून कोऱ्या चिपा शिकले. नवं बोर्ड केलं. त्याच्या बोर्डाहून लहान, त्याच्याहून चांगलं. येत्या रविवारी त्याला दाखवणार होते. चांगलं चिडवणार होते.

बोर्ड चालतंय. तुम्ही सगळे कौतुक कराल. पण त्यात काय साधलंय ते एका नजरेत ओळखणारा माणूस इथे एकच होता.

मला त्याला हरवायचं होतं, आई. पण तो समोर असताना.

आता सगळे उभे राहू या. थोडा वेळ कोणी काही बोलू नका.