सासूबाई गाडीत, मेहुणा गाडीखाली

...आणि वर लोक त्यालाच भित्रा म्हणतात, आता याला काय म्हणायचं तुम्हीच सांगा. शिवणकाम करणारा माणूस, घराच्याच पुढच्या खोलीत दुकान, आणि सगळे त्याला म्हणतात टाचणीमास्तर, कारण साधी पँट शिवायची असली तरी हा आधी टाचण्या लावणार, मग कच्चा टाका घालणार, मग ती गिऱ्हाइकाला चढवायला लावून त्याच्याभोवती फिरत बसणार. गिऱ्हाईक वैतागून म्हणतं, मास्तर, पँटच आहे ना, विमान तर नाही? तर हा काय म्हणतो, विमानातला माणूस पट्टा लावून गप बसलेला असतो हो, पँटमधला वाकतो.

तर असा हा माणूस. आणि त्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, बरोब्बर उलटा. नळ गळतोय? दोन मिनिटांचं काम आहे. भिंतीला खिळा मारायचाय? दोन मिनिटांचं काम आहे. त्या खिळ्याने भिंतीतला पाइप फुटला, खोलीत पाणी झालं? होईल हो भावोजी, त्यात काय, दोन मिनिटांचं काम आहे. तुम्हाला सांगतो, या माणसाच्या दोन मिनिटांत मास्तरचे अख्खे रविवार गेलेत.

आता त्या दिवशी झालं काय, मास्तरच्या सासूबाई परत आपल्या घरी जायला निघाल्या होत्या. निघाल्या होत्या म्हणजे, कितीतरी दिवस निघाल्याच होत्या... आल्या तेव्हा एक पिशवी होती, जाताना डिकी भरली. बाई वाईट नाहीत हं, मास्तरही तसं कधी म्हणाला नाही. पण त्या दुपारी दुकानात येऊन बसायच्या. मास्तरची कात्री घेऊन भाजी निवडायच्या आणि ती भाजीबरोबर आत न्यायच्या. गिऱ्हाईक आरशासमोर उभं असताना मागून हळूच म्हणायच्या, "जावईबापू, यांचा एक खांदा खाली आहे की तुमचा कोट वाकडा आहे?" आता सांगा, काय उत्तर द्यायचं माणसाने? कोट वाकडा म्हणावं तर धंदा बुडाला, खांदा म्हणावं तर गिऱ्हाईक बुडालं. मास्तर तोंडात टाचण्या धरून नुसता हसायचा.

म्हणून त्या दिवशी सकाळपासून त्याचा पाय ठरत नव्हता. मेहुणा आईला न्यायला आलेला, मास्तर दोघांना गाडीने सोडणार होता, गाडी दारात, सासूबाई मागच्या सीटवर ऐसपैस बसलेल्या, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. मास्तरने गाडी सुरू केली आणि खालून आवाज, खडखडखडखड... सायलेन्सरचा पाइप धरणारी पट्टी सुटलेली, पाइप लोंबतोय. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला गावाला गेलेला. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, उद्या बघू. पण उद्या म्हणजे सासूबाई उतरल्या, पिशव्या उतरल्या, आणि मग उद्याला परवा व्हायला कितीसा वेळ लागतो? मास्तरच्या कपाळावर आठी आली. आणि तेवढ्यात मेहुण्याने बाह्या वर केल्या. काय म्हणाला असेल?

"भावोजी, जॅक काढा. गाडी जरा वर घेतो, तारेने बांधतो, निघालो. दोन मिनिटांचं काम आहे."

मास्तर म्हणाला, थांब. असं नसतं ते. आधी गाडी सपाट जागी घेऊ, इथे फाटकाकडे उतार आहे. घेतली, दुकानासमोरच्या सिमेंटवर. गिअरमध्ये टाकली, हँडब्रेक ओढला, पुढच्या दोन्ही चाकांना मागून पुढून दगड लावले. मेहुणा म्हणाला, "हँडब्रेक आहे की, दगड कशाला?" मास्तर म्हणाला, "हँडब्रेक मागच्या चाकांना धरतो. मागचं चाक आपण हवेत नेणार. मग ते धरणार कशाला, हवेला?" मेहुण्याने मान डोलावली. पटलं म्हणून नाही, वेळ वाचवायला.

आणि मग मास्तर खिडकीपाशी जाऊन अगदी नमून म्हणाला, "आई, जरा खाली उतरता का? गाडी उचलायचीय."

"किती वेळाचं काम आहे?" सासूबाई.

"दोन मिनिटांचं," मेहुणा मागून.

"मग त्यासाठी कशाला उतरू? गुडघे वाकवून एकदाची बसलेय मी. उतरायला दोन मिनिटं, चढायला दहा. तुमचं चालू दे."

आता बोला. यात चूक काढून दाखवा. मास्तर म्हणाला, आई, आत माणूस असताना गाडी उचलत नाहीत, हलते ती. सासूबाई म्हणाल्या, मी हलणारच नाही. मास्तर आत गेला, बायकोला म्हणाला, अगं तू तरी सांग. बायको पोळपाट धूत होती, तिने मागे वळूनही बघितलं नाही. "अहो, माझं ऐकून ती उतरली असती तर गेल्या महिन्यातच घरी नसती का पोचली?"

आता मास्तरकडे दोन लोखंडी स्टँड होते. गाडी घेतली तेव्हाच त्याने ते घेतले होते, जॅकने गाडी वर घ्यायची आणि मग तिचा भार या स्टँडवर टेकवायचा, म्हणजे जॅक निसटला तरी गाडी खाली येत नाही. सगळे हसले होते, गाडी जुनी आणि स्टँड नवे म्हणून. पण गाडीखाली जायची वेळ काही आली नाही, आणि घरात रिकामी वस्तू कोण राहू देतं? ते स्टँड दुकानात होते, त्यांच्यावर लाकडी फळी होती आणि फळीवर शाळेच्या गणवेशांचा ढीग. मास्तर दारातून मेहुण्याला म्हणाला, "मी येईपर्यंत गाडीला हात लावू नकोस," आणि गणवेश उचलायला लागला. ठेवायचे कुठे? टेबलावर कापलेलं कापड, खुर्चीवर अस्तर... शेवटी नेऊन ठेवले गाडीत, मागच्या सीटवर, सासूबाईंच्या शेजारी. त्या म्हणाल्या, ठेवा, बघते मी. तेव्हाच त्याला कळायला हवं होतं, बघते म्हणजे काय ते.

फळी काढली, एक स्टँड घेऊन बाहेर आला... तर गाडी वर. मागचं चाक जमिनीपासून सुटलेलं, सासूबाई एका अंगाला कललेल्या, आणि गाडीखालून मेहुण्याचे दोन पाय बाहेर.

तुम्हाला सांगतो, मास्तर कधी कोणावर ओरडत नाही. गिऱ्हाईक पैसे बुडवून पळालं तरी नाही. पण त्या दिवशी ओरडला. "आधी बाहेर ये."

"झालंच की भावोजी, दोन मिनि..."

"बाहेर ये म्हणतो ना."

आला बाहेर, केसांत माती, तोंड फुगलेलं. "काय तुमचं एकेक. जॅक आहे ना घट्ट?" मास्तर म्हणाला, "जॅक चाक बदलण्यापुरता असतो. खाली माणूस जायचा असेल तर त्याच्या भरवशावर जायचं नसतं." आणि गुडघ्यावर बसून, खाली वाकून, चाकाच्या पुढे गाडीच्या कडेला जिथे पत्रा दुहेरी, जाड असतो, ती जागा बोटांनी चाचपली, जशी कापडाची शिवण चाचपतो तशी, आणि तिथे स्टँड सरकवला. वर बोटभर फट राहिली. म्हणाला, आता आईंना उतरवू, मग जॅक सैल करून भार यावर घेऊ, मग तू जा. मेहुणा म्हणाला बरं. मास्तर उठला, दुसरा स्टँड आणायला वळला...

आणि मेहुणा परत गाडीखाली. का? कारण तार हातात होती आणि काम दोन मिनिटांचं होतं.

इकडे सासूबाईंचं काय चाललं होतं? त्या गणवेश बघत होत्या. एकेक उचलायचा, शिवण ओढून बघायची, बाजूला ठेवायचा. एका शर्टाची काजं त्यांना लहान वाटली. त्यांच्या बाजूला सावली होती, म्हणून उजेडात नीट बघावं म्हणून त्या सरकल्या. उचललेल्या बाजूकडून दुसऱ्या खिडकीकडे. गुडघे दुखणाऱ्या बाई, पण काज बघायचं म्हटल्यावर झटक्यात सरकल्या.

गाडी डुलली. जॅक वाकडा झाला, कर्र असा एक आवाज आला, आणि धाडकन गाडी खाली आली.

मास्तर दारात होता. त्याने मागे वळून बघितलं तर ते दोन पाय तसेच बाहेर, आणि हलत नव्हते. तो म्हणतो, त्याला पुढचं काही ऐकूच येईना. बायको आतून काय झालं विचारत आली ते नाही, सासूबाई काही म्हणाल्या ते नाही. त्याला एवढंच वाटत होतं, मी स्टँड नीट लावला होता का? जागा तीच होती का? तिथून गाडीपर्यंत चार पावलं नसतील, पण त्याला ती संपेनात.

आणि मग गाडीखालून अगदी बारीक आवाज आला. शाळेत वर्गाबाहेर काढलेलं पोर बोलतं तसा.

"भावोजी... तुमचा स्टँड आहे हो मधे."

गाडी स्टँडवर बसली होती. मेहुण्याच्या नाकावर पाइप आला होता, बाकी काही नाही. मास्तरने त्याचे दोन्ही पाय धरले आणि खेचला बाहेर, कापडाचा ताका खेचावा तसा. मग दोघं सिमेंटवर बसून राहिले. मेहुणा हसायचा प्रयत्न करत होता, ते काही जमत नव्हतं. "झालं असतं हो भावोजी," तो म्हणाला, "अगदी..." आणि दोन मिनिटांत काय झालं असतं ते त्याच्याच लक्षात आलं, आणि वाक्य तिथेच राहिलं.

सासूबाई गाडीतून उतरल्या. कोणी हात दिला नाही, दार कोणी धरलं नाही, आपल्या आपण उतरल्या, चालत आल्या, आणि लेकाच्या पाठीत एक धपाटा घातला. मग तिथेच त्याच्या डोक्यातली माती झाडायला लागल्या, झाडतच राहिल्या, माती संपली तरी.

मास्तर उठून दुकानात गेला. काहीतरी करावं म्हणून सुईत दोरा ओवायला लागला. ओवेना. सुई एकीकडे, दोरा एकीकडे. सासूबाई मागून आल्या, सुई काढून घेतली, चष्मा कपाळावर चढवला आणि एका दमात दोरा ओवून त्याच्या हातात दिली. म्हणाल्या, "मी हलले, जावईबापू. हलणार नाही म्हणाले होते, आणि हलले." तो म्हणाला, असू द्या आई. खरंच म्हणाला हं, मनापासून. त्या घटकेला त्याला त्या बाई आपल्या वाटल्या.

आणि तिथेच माणूस फसतो, बघा. कारण सासूबाईंनी पदराने डोळे पुसले आणि लेकीला हाक मारली. "डिकीतल्या पिशव्या आत घे गं. एवढं जपणाऱ्या माणसाचं घर सोडून मी त्या उतावळ्याकडे जाऊन राहू?" मेहुणा म्हणाला, "बरोबर आहे आई तुझं." आणि तो आईला इतका सहज बरोबर कधी म्हणाला नव्हता.

मास्तर सुई टाकून उठला. आता तुम्हीच सांगा, हा टाचणीमास्तर, ज्याने जन्मात कसली घाई केली नाही, तो काय म्हणाला असेल?

"आई, पिशव्या राहू द्या. दुसरा स्टँड लावतो, सायलेन्सर बांधतो आणि निघू. दोन मिनिटांचं काम आहे."

सासूबाईंनी त्याचा हात धरून त्याला खुर्चीवर बसवलं, अस्तरावरच. म्हणाल्या, "काही घाई नाही, जावईबापू. तुम्ही तुमच्या पद्धतीने, सावकाश करा."

गाडी तशी दुसऱ्याच दिवशी ठीक झाली हो... आता बाई निघतायत, सावकाश.